व्हॅम्पायर वाचून संपले, आता पुढे काय? पॅरानॉर्मल रोमान्स शोधावा कसा आणि सांगावा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पॅरानॉर्मल, म्हणजे व्हॅम्पायर, लांडगेमाणसं असलं अमानवी जग, आणि रोमान्स, दोन्ही आवडतं. गाजलेल्या मालिका वाचून झाल्या. आता कुठलीही यादी उघडली की तीच नावं फिरून फिरून येतात आणि नवीन म्हणून हाती घेतलेलं पुस्तक अर्ध्यावर सुटतं. शिवाय एखादी कादंबरी खरंच आवडली तर मैत्रिणींना ती सांगायची कशी? ‘मस्त आहे, वाच’ यापुढे शब्द सुचत नाहीत आणि गोष्ट फोडायचीही नसते.

मी या प्रकारातली पुस्तकं बरीच वर्षं वाचते आहे, वाचकगटासाठी निवडते आहे आणि प्रकाशनाआधीच्या प्रतींवर अभिप्रायही लिहिते. मला तुमचे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. आपल्याला पुस्तकातलं नेमकं काय भावलं हे ज्याला सांगता येतं, त्याला पुढचं पुस्तकही सापडतं, आणि त्याचंच सांगणं दुसऱ्याच्या उपयोगी पडतं. ‘मला व्हॅम्पायर आवडतात’ एवढ्यावर कुणीच तुम्हाला पुस्तक सुचवू शकणार नाही. रक्त पिणारा नायक शेकडो पुस्तकांत आहे आणि त्यातली बहुतेक तुम्हाला आवडणार नाहीत.

आधी शेल्फ, म्हणजे पुस्तकाचा उपप्रकार, ओळखा. निम्मा अपेक्षाभंग तिथेच होतो. मुखपृष्ठावर पौर्णिमेचा चंद्र, लांडगा आणि लेदर जॅकेटमधली बाई दिसली की आपण सरसकट त्याला पॅरानॉर्मल रोमान्स म्हणून मोकळे होतो. पण रोमान्सची एक अट असते. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ ही लेखकांची संघटना १९८० साली स्थापन झाली. तिच्या व्याख्येत दोनच गोष्टी आहेत: प्रेमकथा कथानकाच्या केंद्रस्थानी हवी आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी हवा. म्हणजे मधे कितीही रक्त सांडो, शेवटी ती दोघं एकत्र असतात. अर्बन फँटसी, म्हणजे आजच्या शहरी जगात घडणारी अलौकिक साहसकथा, असं कोणतंही वचन देत नाही. तिथे एक नायिका असते, प्रत्येक भागात एक नवं प्रकरण असतं आणि प्रेम पाचव्या भागापर्यंत रेंगाळतं, कधी तुटतंही.

हा फरक समजायला २००६ साली सुरू झालेल्या दोन मालिका शेजारी ठेवून बघा. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांच्या मालिकेत मर्सी थॉम्प्सन ही गाड्या दुरुस्त करणारी मेकॅनिक नायिका आहे, तिला कोयोटी या लांडग्यासारख्या प्राण्याचं रूप घेता येतं आणि भाग कितीही झाले तरी गोष्ट तिचीच राहते. ही अर्बन फँटसी. नलिनी सिंग यांच्या साय-चेंजलिंग मालिकेत जग तेच राहतं, पण जोडी दर भागात साधारण बदलते. आधीच्या भागात कोपऱ्यात उभा असलेला माणूस पुढच्या भागात नायक होतो. हा पॅरानॉर्मल रोमान्स. पहिल्या प्रकाराची सवय असलेला वाचक दुसऱ्यात शिरला की म्हणतो, ‘कथानक पातळ आहे.’ उलट गेलेला म्हणतो, ‘यांचं जमतंय कधी?’ दोघांचीही तक्रार चुकीच्या शेल्फबद्दल असते.

आणखी दोन शेजारी आहेत. रोमँटसीत जगच काल्पनिक असतं, राजदरबार, युद्धं, ड्रॅगन वगैरे. गेल्या दशकभरात सगळ्यात जास्त गाजावाजा याच शेल्फचा झालाय, त्यामुळे याद्यांमध्ये तेच वर तरंगतं आणि आपल्याच जगात लपलेले लांडगे शोधणाऱ्याला सापडत नाहीत. दुसरी भयकथा. धारप आणि मतकरी वाचून वाढलेल्या वाचकाला ‘अमानवी’ म्हटलं की अंगावर काटा हवा असतो. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये तो काटा क्वचितच येतो, कारण भीतीचं कारणच प्रेमात पडणार आहे हे वाचकाला पहिल्यापासून माहीत असतं. तुम्हाला काटा हवा असेल तर गॉथिककडे वळा. तिथे जुना वाडा, दडवलेलं कुटुंबरहस्य आणि संशयास्पद नायक असतो, आणि शेवट गोड होईलच याची हमी नसते.

आता स्वतःची आवड तपासायची. आवडलेली आणि अर्ध्यात सोडलेली काही पुस्तकं समोर घ्या आणि प्रत्येकाबद्दल स्वतःला विचारा की यातला अलौकिक नियम प्रेमाचं काय करतो. हा प्रश्न मी सगळ्यांच्या वर ठेवते, कारण या प्रकारातला सगळा ताण तिथून येतो. साय-चेंजलिंगमध्ये साय नावाची जमात आहे. त्यांना लहानपणापासून भावना मारून टाकण्याचं शिक्षण मिळतं, भावना दिसली की शिक्षा होते. अशा बाईने प्रेमात पडणं म्हणजे जिवावरचा खेळ. इथे नियम प्रेमाच्या आड उभा आहे. याउलट लांडगेमाणसांच्या कितीतरी कथांत ‘फेटेड मेट्स’ असतात, म्हणजे नियतीने ठरवलेली जोडी: तिचा नुसता वास आला आणि त्याला कळलं, हीच ती. इथे नियमच प्रेम घडवून आणतो.

या फेटेड मेट्सवर वाचकांचे सरळ दोन तट पडतात, आणि तुम्ही कोणत्या तटावर आहात हे कळलं तर तुमचं बरंचसं वाया जाणारं वाचन टळेल. काहींना त्यातली खात्री हवीशी वाटते. हा माणूस सोडून जाणार नाही हे निसर्गानेच लिहून दिलंय. काहींचा जीव त्यातच गुदमरतो, कारण तिला विचारलं कुणी? मला स्वतःला ही कल्पना आवडते, पण एका अटीवर: बंध आधी आणि मन नंतर, या अंतरावर लेखकाने गोष्ट उभी करायला हवी. नायिका म्हणते, ‘तुझ्या रक्ताला मी कळले असेन, मला तू अजून कळलेला नाहीस,’ आणि पुढची दोनशे पानं तो तिला कळत जातो, अशी पुस्तकं उत्तम असतात. बंध झाला म्हणून तिसऱ्या प्रकरणात सगळे प्रश्न मिटले, अशी पुस्तकं मी खाली ठेवते. दोन्हींवर लेबल मात्र एकच लागतं, म्हणून लेबलावर थांबू नका.

बाकीचे निकष पटकन सांगते. ताकदीचं अंतर किती चालतं? चारशे वर्षांचा नायक आणि विशीतली नायिका काहींना खटकते, काहींना नाही. शारीरिक प्रसंग किती आणि किती उघड हवेत? विनोद हवा की जड वातावरण? निवेदन एकाच्या तोंडून की दोघांच्या आलटून पालटून? खलनायकाच्या हिंसेचं वर्णन कुठपर्यंत सोसतं? या सगळ्याची उत्तरं एका कागदावर उतरतात आणि ती मुळीच बुद्धिमान दिसण्याची गरज नाही. ‘नायक मुका असल्यासारखा वागतो तेव्हा मला आवडतं’ हेही चांगलं उत्तर आहे.

हा कागद हाती असला की सरासरी ताऱ्यांचा मोह सुटतो. गुडरीड्स ही वाचकांनी पुस्तकांना तारे आणि अभिप्राय द्यायची साइट. ते २००७ मध्ये सुरू झालं, २०१३ मध्ये ॲमेझॉनने ते विकत घेतलं. मालिकेचा क्रम बघायला आणि नोंदी ठेवायला ते मलाही लागतं. पण तिथला सरासरी आकडा माझ्या आवडीबद्दल काही सांगत नाही, आणि तो वाकवताही येतो. २०२३ च्या अखेरीस एका नवोदित लेखिकेने बनावट खाती काढून इतर नवोदितांच्या पुस्तकांना वाईट रेटिंग दिल्याचं उघड झालं. प्रकाशकाने तिचं येऊ घातलेलं पुस्तक रद्द केलं. तिने ज्या पुस्तकांना एक तारा दिला त्यांतली काही तर अजून प्रकाशितही झाली नव्हती.

मी तीन ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचते. पाच तारे देणारा भारावलेला असतो, एक तारा देणारा चिडलेला. तीनवाला कारणं देतो. त्यानंतर एक आणि दोन तारेवाल्यांच्या तक्रारी बघते. ‘फार संथ आहे, दोनशे पानांपर्यंत साधं चुंबनही नाही’ ही तक्रार वाचून मी पुस्तक लगेच यादीत टाकते. मला तेच हवं असतं. एखाद्या वाचकाची आवड तुमच्या बरोबर उलटी असेल तर तिला जरूर फॉलो करा. तिने नाकं मुरडलेली पुस्तकं तुमच्यासाठी सोन्याची खाण ठरतात. आवड जुळणाऱ्या वाचकापेक्षा असा पक्का विरोधक सापडणं सोपं असतं, आणि तो जास्त भरवशाचा असतो.

ई-पुस्तकांच्या दुकानाचा कारभार थोडा समजून घ्यायला हवा, कारण या प्रकारातले पुष्कळ लेखक स्वतःच पुस्तक काढतात. किंडल अनलिमिटेड ही ॲमेझॉनची वर्गणी भरून ई-पुस्तकं वाचायची योजना २०१४ मध्ये आली. त्यात पुस्तक ठेवायचं तर लेखकाला ई-आवृत्ती तेवढ्या काळापुरती दुसऱ्या ई-दुकानात विकता येत नाही. ही मुदत ९० दिवसांची असते आणि पुढे वाढवता येते. म्हणून एखादं ई-पुस्तक दुसऱ्या दुकानात सापडत नाही, तेव्हा चूक तुमच्या शोधण्यात नसते. २०१५ पासून लेखकाला पैसे मिळतात ते वाचल्या गेलेल्या पानांवर. मग गोष्टी लांबतात, प्रत्येक भाग ऐन मोक्यावर तुटतो आणि एका जोडीची कथा तीन भागांत पसरते. हे वाईटच असतं असं नाही, पण ‘हा भाग स्वतंत्र आहे की अर्धवट तुटतो’ हे आधी तपासायची सवय लावून घ्या. तिथल्या ‘हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं’ छापाच्या शिफारशींवर फार विसंबू नका. त्या तुम्हाला एकाच गोटात गोल गोल फिरवतात, आणि तुमची मूळ तक्रार तीच होती.

त्या गोटातून बाहेर पडायच्या माझ्या वाटा जरा आडवळणाच्या आहेत. पहिली म्हणजे पुस्तकाच्या शेवटचं ऋणनिर्देशाचं पान. मलपृष्ठावर एक लेखिका दुसरीला ‘थरारक’ म्हणते त्याला फारसा अर्थ नसतो, ती प्रसिद्धीची देवाणघेवाण असते. पण ऋणनिर्देशात ‘कच्चा खर्डा वाचून दिला’ म्हणून ज्या लेखिकेचे आभार असतात, तिचं लेखन बहुधा त्याच जातकुळीचं निघतं. दुसरी वाट कथासंग्रहांची. या प्रकारात चार-पाच लेखिकांच्या दीर्घकथा एकत्र काढायची चांगली प्रथा आहे. ओळखीच्या एका नावासाठी संग्रह घ्या, बाकीच्या अनोळखी लेखिकांची चव आपोआप कळते. तिसरी, ऑडिओबुक ऐकत असाल तर निवेदकाच्या नावाने शोधा. चांगल्या निवेदकाला एकाच धाटणीची कामं येत राहतात.

चौथी वाट मागे जाते. ‘नवीन’ म्हणजे या महिन्यात आलेलं असंच कशाला? शेरिडन ले फानू यांची ‘कार्मिला’ ही लघुकादंबरी १८७२ ची, म्हणजे ‘ड्रॅक्युला’च्याही पंचवीस वर्षं आधीची. त्यातली व्हॅम्पायर बाई आहे आणि तिचं आकर्षणही एका तरुणीकडे आहे. पानं कमी, वातावरण दाट. प्रॉजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या साइटवर मोफत मिळते. शेवट रोमान्सच्या अटीत बसत नाही, पण आजचा रक्तपिपासू प्रियकर कुठून आला ते तिथे दिसतं. मग १९९० च्या दशकात या. लॉरेल हॅमिल्टन यांची अनिता ब्लेक मालिका १९९३ मध्ये सुरू झाली, क्रिस्टीन फीहान यांची डार्क मालिका १९९९ मध्ये. आज घिसंपिटं वाटणारं बरंच काही त्यांत पहिल्यांदा आकार घेताना दिसतं. नायकांची मालकी गाजवण्याची सवय मात्र आज खटकेल, तेवढं गृहीत धरा.

विकत घ्यायच्या आधी नमुना वाचाच. किंडलवर पुस्तकाचा साधारण दहा टक्के भाग मोफत मिळतो. मी त्यात एकच गोष्ट बघते: नायक येण्याआधी नायिकेला स्वतःचं आयुष्य आहे का? काम, भांडण, देणी, बहीण, काहीही. ते असेल तर लेखिकेला माणसं लिहिता येतात. नसेल आणि पहिली वीस पानं जमातींची नावं, वंशावळ आणि हजार वर्षांच्या युद्धाचा इतिहास सांगण्यात गेली असतील, तर पुढे फार काही बदलत नाही.

प्रकाशनाआधी वाचायचं असेल तर नेटगॅलीवर नाव नोंदवा. प्रकाशक तिथे अभिप्रायासाठी डिजिटल प्रती ठेवतात. नवख्याने गाजलेल्या नावांच्या मागे लागू नये. आधी जी विनंतीशिवाय लगेच मिळतात ती घ्या आणि वेळेत अभिप्राय द्या. घेतलेल्या पुस्तकांपैकी किमान ८० टक्क्यांवर अभिप्राय असावा अशी नेटगॅलीची शिफारस आहे आणि प्रकाशक तो आकडा बघतात. प्रत फुकट मिळाली असेल तर तसं लिहायचं, दर वेळी. अमेरिकेत तर तसं उघड करणं नियमानेच आवश्यक आहे. नियम नसता तरी वाचणाऱ्याला ते कळायला हवं.

आता सांगण्याकडे येते. रोमान्समध्ये शेवट गोड होणार हे सांगणं म्हणजे गोष्ट फोडणं नव्हे, ते शेल्फवरच लिहिलेलं आहे. फुटते ती वाट. कोण कुणाला कधी ओळखतं, कुणाचं खरं रूप काय, बंध कसा तुटतो. माझा नियम असा की पहिल्या चतुर्थांशात जे उघड होतं ते सांगायला हरकत नाही, त्यापुढचं फक्त भावनेच्या भाषेत: ‘मध्यानंतर एक वळण आहे, त्याने मी रात्रभर झोपले नाही.’

समजा अशी एक कादंबरी आहे: मृतांशी बोलू शकणारी एक शवागार-कर्मचारी आणि आपण मेलोय हे ठाऊक नसलेला एक पोलीस. त्याबद्दल कुणी लिहिलं, ‘अप्रतिम! भुताची इतकी गोड लव्हस्टोरी वाचलीच नव्हती, पाच तारे,’ तर यातून काय कळलं? शिवाय पोलीस मेलेला आहे हेच त्यातलं रहस्य असेल तर तेही गेलं. मी असं लिहीन: ‘नायिका चाळिशीची, कामात वाकबगार, तिरकस बोलणारी. गुन्ह्याचा तपास आणि प्रेम निम्मं-निम्मं. प्रेम फार हळू वाढतं. शारीरिक प्रसंग एकच, तोही दार लोटून घेतल्यावर. शवागाराची वर्णनं तपशिलात आहेत, आणि मूल गमावल्याचा एक प्रसंग आहे. झपाट्याने पळणारी गोष्ट हवी असेल तर घेऊ नका. दुःख आणि विनोद एकाच वाक्यात चालत असतील तर आजच घ्या.’ यात कौतुकाचं एकही विशेषण नाही, पण हे पुस्तक कुणाचं आहे आणि कुणाचं नाही ते वाचणारीला कळतं. ‘कुणी घेऊ नये’ हे वाक्य मी कधी गाळत नाही. त्याच वाक्यामुळे पुढच्या वेळी लोक तुमचं ऐकतात.

त्रासदायक विषयांची सूचना द्यावी की नाही यावर वाद होतात. मी देते, पण वेगळ्या ओळीत, शेवटी, ज्याला नको त्याने वाचू नये अशा जागी. आणि शारीरिक प्रसंगांचं प्रमाण हा गुणवत्तेचा मापदंड समजू नका. ‘फार बोल्ड आहे’ हे काहींसाठी आमंत्रण असतं, काहींसाठी इशारा. तुम्ही फक्त प्रमाण सांगा.

एखादीला सुचवताना आधी तिला आवडलेली पुस्तकं विचारा, कुठल्याही प्रकारातली. रहस्यकथा वाचणारीला अर्बन फँटसी द्या. इतिहास आणि जुन्या हस्तलिखितांत रमणारीला डेबोरा हार्कनेस यांची ‘अ डिस्कव्हरी ऑफ विचेस’ (२०११) चालून जाते. लेखिका स्वतः विज्ञानाच्या इतिहासाची अभ्यासक आहे आणि ग्रंथालयातली पानं वाचताना ते जाणवतं. रोमान्स म्हटलं की हसणाऱ्यांशी वाद घालत बसू नका. त्यांना प्रकाराचं नाव न सांगता गोष्ट सांगा.

शेअर करणं म्हणजे पीडीएफ पुढे ढकलणं नव्हे, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. किंडल अनलिमिटेडमधल्या लेखिकेला त्याचा दुहेरी फटका बसतो: वाचलेली पानं मोजली जात नाहीत, आणि तिची ई-आवृत्ती बाहेर फिरताना दिसली तर करार मोडल्याचा ठपका तिच्यावरच येऊ शकतो. नावडत्या पुस्तकाचा अभिप्राय लिहिताना लेखिकेला टॅग करू नका. अभिप्राय वाचकांसाठी असतो. अर्धवट सोडलं असेल तर किती टक्क्यांवर आणि का सोडलं ते लिहा. ती माहिती मला पूर्ण वाचलेल्यांच्या ताऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते. आणि दोन पुस्तकांतली वाक्यं संशयास्पद सारखी वाटली तर बोला. १९९७ मध्ये रोमान्स-लेखिका नोरा रॉबर्ट्स यांच्या लेखनाची जॅनेट डेली या दुसऱ्या लेखिकेने केलेली उचलेगिरी उघड झाली, ती दोन्ही लेखिकांची पुस्तकं पाठोपाठ वाचणाऱ्या एका साध्या वाचकाच्या लक्षात आल्यामुळे.

राहिला मालिकांचा क्रम, कारण सुचवताना सगळ्यात जास्त गोंधळ त्यातच होतो. एकच नायिका असलेली मालिका पहिल्या भागापासूनच वाचायची, तिथे सूट नाही. दर भागात नवी जोडी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या भागापासून सुरू करायला हरकत नसते. पुष्कळ लेखिकांचा पहिला भाग जग मांडण्यातच खर्ची पडतो, आणि त्यावरून मालिका सोडलेले वाचक मी खूप पाहिलेत. यादीत १.५ किंवा २.५ असे क्रमांक दिसले तर त्या मधल्या दीर्घकथा असतात. बहुतेक वगळता येतात, पण पुढच्या भागातल्या जोडीची पहिली भेट त्यात घडलेली असेल तर वगळू नका. मैत्रिणीला नाव पाठवताना मालिकेचं नाव, कोणत्या भागापासून सुरू करायचं आणि मालिका पूर्ण झाली आहे की चालू आहे, एवढं त्याच संदेशात लिहून टाका.